सिबिल्ला आलेरामो

सिबिल्ला आलेरामो (जन्म : अलेस्सांद्रिया, पीडमाँट, १४ ऑगस्ट १८७६, मृत्यू : रोम, १३ जानेवारी १९६०) या इटालियन कादंबरीकार, कवयित्री, पत्रकार आणि स्त्रीवादी कार्यकर्त्या होत्या. त्यांचे मूळ नाव मार्ता फेलिचिना फाच्चो असे होते. घरात त्यांना रीना म्हणत. १९०६ साली प्रसिद्ध झालेली ‘उना दोन्ना’ (एक स्त्री) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी त्यांची सर्वांत महत्त्वाची कृती आहे. छळ करणाऱ्या पतीचे घर सोडणारी आणि त्यासाठी आपल्या लहान मुलालाही मुकणारी स्त्री या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. इटालियन भाषेतील पहिल्या स्त्रीवादी कादंबऱ्यांमध्ये तिची गणना होते. विवाह, मातृत्व आणि स्त्रीचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व यांच्यातील संघर्ष हा आलेरामो यांच्या आयुष्याचा आणि लेखनाचा मुख्य विषय राहिला.

बालपण

रीना यांचा जन्म उत्तर इटलीतील एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. वडील आंब्रोजो फाच्चो हे विज्ञानाचे शिक्षक होते, तर आईचे नाव एर्नेस्ता कोत्तीनो होते. चार भावंडांत रीना सर्वांत मोठ्या होत्या. त्यांचे बालपण व्हेर्चेल्ली आणि मिलान या शहरांत गेले. वडील स्वतंत्र विचारांचे आणि धर्मसंस्थेपासून दूर राहणारे होते. थोरल्या मुलीच्या बुद्धीचे त्यांना कौतुक होते. लहानपणी रीना यांच्यावर वडिलांचाच प्रभाव अधिक होता. आईचे मूक दुःख त्यांना बऱ्याच उशिरा उमगले.

१८८८च्या सुमारास वडिलांनी मध्य इटलीतील मार्के प्रांतात, चिव्हितानोवा या समुद्रकाठच्या गावी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्याचे व्यवस्थापकपद स्वीकारले आणि कुटुंब तेथे स्थायिक झाले. गावात पुढील शिक्षणाची सोय नसल्याने रीना यांचे शालेय शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच राहिले. बाराव्या वर्षापासून त्या वडिलांच्या कारखान्यात हिशेबनीस म्हणून काम करू लागल्या. पगारी काम आणि कामगारांशी रोजचा संबंध हे त्या काळच्या मध्यमवर्गीय मुलीच्या वाट्याला सहसा न येणारे अनुभव त्यांना येथे मिळाले.

याच काळात आईची मानसिक अवस्था ढासळत गेली. त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. पुढे त्यांना माचेराता येथील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि १९१७ साली तेथेच त्यांचा मृत्यू झाला.

विवाह

वयाच्या पंधराव्या वर्षी कारखान्यातील एका तरुण कर्मचाऱ्याने रीना यांच्यावर बलात्कार केला. मुलीची ‘अब्रू’ राखण्यासाठी तिचा विवाह त्याच पुरुषाशी लावून देणे ही त्या काळच्या इटालियन समाजातील मान्य रीत होती. त्यानुसार जानेवारी १८९३ मध्ये, सोळाव्या वर्षी, रीना यांचा विवाह त्याच माणसाशी झाला. १८९५ साली त्यांना वाल्टर हा मुलगा झाला.

हा संसार सुखाचा नव्हता. संशय, मारहाण आणि घरातील कोंडवाडा यांना कंटाळून रीना यांनी अफूयुक्त औषध घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला, परंतु त्या वाचल्या. त्यानंतरच्या काळात त्या वाचनाकडे वळल्या. समाजशास्त्र, समाजवादी विचार आणि युरोपातील स्त्री चळवळीविषयीचे लेखन यांतून आपले दुःख एका घरापुरते नाही, त्यामागे एक व्यवस्था आहे, अशी जाणीव त्यांना झाली.

पत्रकारिता

१८९७च्या सुमारास रीना फाच्चो यांचे लेख नियतकालिकांत प्रसिद्ध होऊ लागले. स्त्रियांचे शिक्षण, मताधिकार, श्रमिक स्त्रियांची स्थिती आणि विवाहसंस्था हे त्यांचे विषय होते. १८९९ साली कुटुंब काही काळासाठी मिलानला गेले. तेथे एमिलिया मारियानी यांनी स्थापन केलेल्या ‘लितालिया फेम्मिनीले’ या स्त्रियांसाठीच्या साप्ताहिकाचे संपादन त्यांच्याकडे आले. वाचकांशी थेट संवाद साधणारे सदर त्यांनी चालवले. समाजवादी नेत्या आन्ना कुलिशोफ आणि समाजसेविका आलेस्सांद्रीना राव्हित्सा यांच्याशी त्यांचा परिचय या काळातला.

हे काम काही महिनेच टिकले. १९०० साली चिव्हितानोवाच्या कारखान्यात वडिलांच्या जागी पतीची नेमणूक झाली आणि रीना यांना त्यांच्यामागे गावी परतावे लागले. मिलानमध्ये स्वतःच्या श्रमावर जगण्याची चव घेतल्यानंतर पुन्हा त्याच घरात राहणे त्यांना असह्य झाले.

घराचा त्याग आणि तत्कालीन कायदा

फेब्रुवारी १९०२ मध्ये रीना यांनी पतीचे घर कायमचे सोडले. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला सोबत नेण्याची त्यांची इच्छा होती, पण पतीने त्याला नकार दिला. कायदा पतीच्या बाजूने होता.

इटलीत तेव्हा १८६५ची नागरी संहिता लागू होती. तिच्यानुसार पती हा कुटुंबप्रमुख होता आणि पत्नीने त्याच्या निवासस्थानी राहणे बंधनकारक होते. अपत्यांवरील अधिकार कागदोपत्री दोघा पालकांचा असला, तरी विवाह टिकून असेपर्यंत तो वापरण्याचा हक्क केवळ पित्याला होता. विवाहितेला आपली स्थावर मालमत्ता विकायची, कर्ज काढायचे किंवा न्यायालयात दावा लावायचा तर पतीची संमती लागे. घटस्फोट अस्तित्वात नव्हता. न्यायालयीन विभक्ती मोजक्याच कारणांसाठी मिळे, आणि घर सोडून जाणे हा पत्नीचाच दोष ठरे. १८८९च्या दंडसंहितेत पत्नीचा व्यभिचार हा तुरुंगवासास पात्र गुन्हा होता, तर पतीला शिक्षा होण्यासाठी त्याने घरात किंवा उघडपणे अन्यत्र रखेल ठेवलेली असणे आवश्यक होते.

अशा परिस्थितीत घर सोडणारी स्त्री संसार, उत्पन्न आणि मूल या तिन्हींना एकाच वेळी मुकत असे. वाल्टरचा ताबा मिळवण्याचे रीना यांचे प्रयत्न निष्फळ ठरले. मुलाशी त्यांची पुन्हा भेट झाली ती सुमारे तीन दशकांनंतर, तो प्रौढ झाल्यावर.

‘उना दोन्ना’

घर सोडल्यानंतर रीना रोममध्ये राहू लागल्या. ‘नुओव्हा आन्तोलोजिया’ या प्रतिष्ठित नियतकालिकाचे संपादन पाहणारे कवी व कादंबरीकार जोव्हान्नी चेना हे १९१०पर्यंत त्यांचे सहचर होते. त्यांच्या प्रोत्साहनाने रीना यांनी आपली जीवनकथा कादंबरीच्या रूपात लिहिली. ‘सिबिल्ला’ हे भविष्य सांगणाऱ्या प्राचीन स्त्रियांचे नाव चेना यांनीच त्यांना दिले. ‘आलेरामो’ हे आडनाव पीडमाँटच्या इतिहासातील एका मध्ययुगीन सरदाराचे असून, कवी जोझुए कार्दूच्ची यांच्या ‘पिएमोन्ते’ या कवितेतील उल्लेखावरून ते घेतले गेले. हे टोपणनाव पुढे त्यांचे कायमचे नाव झाले. वडिलांचे आणि पतीचे अशी दोन्ही आडनावे त्यांनी मागे टाकली.

कादंबरी नोव्हेंबर १९०६ मध्ये तोरिनो येथून प्रसिद्ध झाली. कथा प्रथमपुरुषी असून तिच्यातील प्रमुख पात्रांना नावे नाहीत. वडील, आई, पती, मुलगा असा केवळ नात्याने त्यांचा उल्लेख येतो. त्यामुळे ही कथा एका विशिष्ट स्त्रीची असूनही कोणाही स्त्रीची ठरते. वडिलांवरील श्रद्धा आणि तिचा भंग, आईचे वेड, बलात्कार व विवाह, मातृत्वातील आनंद, संपादकीय काम, आणि शेवटी घर सोडणे असा तिचा प्रवास आहे. घटनांचा क्रम लेखिकेच्या आयुष्याशी जुळतो, मात्र काही तपशील बदललेले आहेत. उदाहरणार्थ, प्रत्यक्षात मिलानमधून निघणारे साप्ताहिक कादंबरीत रोममधील ‘मुलिएर’ नावाचे नियतकालिक होते.

कादंबरीतील निर्णायक प्रसंग आईच्या एका जुन्या पत्राचा आहे. आईने फार वर्षांपूर्वी पतीचे घर सोडण्याचे ठरवले होते आणि तसे पत्रही लिहिले होते, पण मुलांसाठी ती थांबली. ते अपुरे पत्र नायिकेच्या हाती येते. मुलांसाठी थांबलेल्या आईचा शेवट मनोरुग्णालयात झाला, हे तिला ठाऊक असते. आईने स्वतःचा बळी द्यायचा, मुलीने तेच पाहून शिकायचे आणि पुढे आपल्या मुलीला तेच शिकवायचे, ही पिढ्यानपिढ्यांची साखळी कोठे तरी तुटली पाहिजे, असा निष्कर्ष ती काढते. मुलाला एक खचलेली आई देण्यापेक्षा एक ताठ माणूस म्हणून जगण्याचे उदाहरण द्यावे, असे तिला वाटते. हे पुस्तक कधी तरी आपल्या मुलाच्या हाती पडेल, या आशेवर कादंबरी संपते.

मातृत्व म्हणजे आत्मसमर्पण या समजुतीला इतके थेट आव्हान इटालियन साहित्यात यापूर्वी क्वचितच दिले गेले होते. म्हणूनच पुस्तकावर मोठा वाद झाला. पतीला सोडणे अनेकांनी समजून घेतले, पण मुलाला मागे ठेवून जाणारी आई स्त्रीवादी गटांतील काहींनाही स्वीकारता आली नाही. लुइजी पिरांदेल्लो यांच्यासारख्या लेखकाने मात्र कादंबरीची प्रशंसा केली. काही वर्षांतच तिचे अनेक युरोपीय भाषांत अनुवाद झाले. इंग्रजी अनुवाद १९०८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. हेन्रिक इब्सेन यांच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकातील नोराशी या नायिकेची तुलना वारंवार केली जाते. नोरा ही एका पुरुष नाटककाराची निर्मिती होती, तर येथे घर सोडणारी स्त्री स्वतःच आपली बाजू मांडत होती.

सामाजिक कार्य

रोममधील वास्तव्यात आलेरामो ‘उनियोने फेम्मिनीले’ या स्त्रीसंघटनेच्या कामात सहभागी झाल्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या मागणीला त्यांनी पाठिंबा दिला आणि श्रमिक वस्तीतील स्त्रिया व मुलांसाठीच्या दवाखान्यात काम केले.

त्यांचे सर्वांत उल्लेखनीय सामाजिक कार्य आग्रो रोमानो येथील शाळांचे होय. आग्रो रोमानो हा रोम शहराभोवतालचा विस्तीर्ण सपाट प्रदेश मोठ्या जमीनदारांच्या ताब्यात होता. डोंगराळ भागांतून हंगामी कामासाठी येणारी शेतमजुरांची कुटुंबे तेथे गवताच्या झोपड्यांत राहत. हिवतापाने हा प्रदेश ग्रासलेला होता, आणि राजधानीच्या वेशीवर असूनही तेथे शाळा नव्हत्या. १९०४पासून आलेरामो आणि चेना यांनी हिवतापाचे अभ्यासक डॉ. आन्जेलो चेल्ली व त्यांच्या पत्नी आन्ना चेल्ली यांच्यासह या मजुरांसाठी शाळा सुरू केल्या. शिक्षणतज्ज्ञ आलेस्सांद्रो मार्कूच्ची आणि चित्रकार दुइलियो काम्बेल्लोत्ती हेही या कामात होते. वर्ग संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी, बहुधा झोपड्यांतच भरत. मुलांबरोबर प्रौढ स्त्री-पुरुषही अक्षरे गिरवत. हिवताप टाळण्याची माहिती आणि क्विनाइनचा वापर यांचा प्रसार शिक्षणाबरोबरच होत असे. चेना यांच्या मृत्यूनंतरही या शाळा दीर्घकाळ चालू राहिल्या.

१९१० नंतरचे जीवन आणि लेखन

१९०९ साली आलेरामो यांचे लेखिका लीना पोलेत्ती यांच्यावर प्रेम जडले. हा संबंध त्यांनी चेना यांच्यापासून लपवला नाही. पोलेत्ती यांना लिहिलेली त्यांची पत्रे लेखिकेच्या मृत्यूनंतर, १९८२ साली पुस्तकरूपाने आली. १९१० साली आलेरामो आणि चेना विभक्त झाले. त्यानंतर फ्लोरेन्स, मिलान, कोर्सिका, पॅरिस, रोम असे त्यांचे जीवन भटकंतीचे राहिले. स्थिर उत्पन्न नव्हते आणि लेखनावरच गुजराण करावी लागे.

या काळात अनेक लेखक-कलावंतांशी त्यांचे प्रेमसंबंध आले. त्यांपैकी कवी दिनो काम्पाना यांच्याशी १९१६ साली सुरू झालेला संबंध सर्वाधिक चर्चिला गेला. तो उत्कट आणि हिंसक होता. १९१८ साली काम्पाना यांना मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले आणि १९३२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. या दोघांच्या पत्रव्यवहारावर आधारित ‘उन व्हियाज्जो क्यामातो आमोरे’ हा मिकेले प्लाचिदो दिग्दर्शित चित्रपट २००२ साली प्रदर्शित झाला. त्यात आलेरामो यांची भूमिका लाउरा मोरान्ते यांनी केली.

‘इल पास्साज्जो’ (१९१९) या गद्यकृतीत आलेरामो यांनी आपल्या आयुष्याची कथा पुन्हा सांगितली. त्यात त्यांनी एक महत्त्वाची कबुली दिली. १९०२ साली घर सोडताना त्यांच्या मनात दुसऱ्या एका पुरुषाविषयी, कवी फेलिचे दामियानी यांच्याविषयी, प्रेम होते. ‘उना दोन्ना’ लिहिताना चेना यांच्या सल्ल्यावरून हा भाग वगळण्यात आला होता. प्रेमासाठी घर सोडणाऱ्या स्त्रीला समाजाने कधीच सहानुभूती दिली नसती. केवळ आत्मसन्मानासाठी बाहेर पडणारी नायिका वाचकांना अधिक पटण्यासारखी होती. पुरुष सहचराच्या सल्ल्याने आपल्या सत्याचा एक तुकडा कापला गेला, याची खंत त्यांना होती. आत्मचरित्रात्मक लेखनात स्त्रीला किती सत्य सांगण्याची मुभा असते, हा प्रश्न या दोन पुस्तकांच्या एकत्रित वाचनातून उभा राहतो.

साहित्यविचार

१९११ साली ‘इल मार्झोक्को’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या स्त्रीमनाविषयीच्या निबंधात आलेरामो यांनी स्त्रियांच्या लेखनाची चिकित्सा केली. स्त्रियांनी आतापर्यंत पुरुषांच्या साहित्याची नक्कल केली, त्यांच्याच चौकटी आणि त्यांचीच भाषा उसनी घेतली, असे त्यांचे म्हणणे होते. स्त्रीची जगाकडे पाहण्याची रीत वेगळी आहे, म्हणून तिच्या अभिव्यक्तीची लयही वेगळी असली पाहिजे आणि ती तिने स्वतःमध्येच शोधली पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. कायदेशीर समानतेच्या मागणीकडून त्या येथे आत्मशोधाकडे वळलेल्या दिसतात. या वळणानंतर संघटित स्त्री चळवळीशी त्यांचा संबंध क्षीण होत गेला. स्त्रीचे वेगळेपण मांडताना त्या जुन्याच साच्यांकडे परततात, अशी टीकाही काही अभ्यासकांनी केली आहे.

फॅसिस्ट राजवटीतील भूमिका

१९२५ साली तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे यांनी काढलेल्या फॅसिस्टविरोधी विचारवंतांच्या जाहीरनाम्यावर आलेरामो यांनी सही केली. त्याच वर्षी मुसोलिनी यांच्या हत्येचा कट रचणारे तीतो झानिबोनी यांच्याशी असलेल्या परिचयामुळे त्या पोलिसांच्या संशयाच्या फेऱ्यात सापडल्या. यानंतर त्यांच्यासाठी नियतकालिकांची दारे बंद होत गेली. रोममधील व्हिया मार्गुत्ता या रस्त्यावरील माळ्यावरच्या एका खोलीत त्या हलाखीत राहत होत्या. अखेर त्यांनी खुद्द मुसोलिनी यांच्याकडे मदत मागितली आणि १९३०च्या दशकात सरकारी मानधन स्वीकारले. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या लेखिकेने त्याच राजवटीचे पैसे घेतले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातील वादग्रस्त बाब मानली जाते.

१९३६ साली आलेरामो साठीच्या उंबरठ्यावर असताना तरुण कवी फ्रांको माताकोत्ता यांच्याशी त्यांचे नाते जुळले. ते दहा वर्षे टिकले. याच काळातील युद्ध, टंचाई आणि वार्धक्य यांचे चित्रण त्यांच्या दैनंदिनीत आहे.

अखेरची वर्षे

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली आलेरामो यांनी इटालियन कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. त्याच वर्षी २ जून रोजी इटालियन स्त्रियांनी प्रथमच राष्ट्रीय पातळीवर मतदान केले. सत्तरीकडे झुकलेल्या आलेरामो कामगारांच्या सभांत कवितावाचन करीत आणि ‘लुनिता’ हे पक्षाचे दैनिक व ‘नोई दोन्ने’ हे स्त्रियांचे नियतकालिक यांतून लिहीत. ‘सेल्वा दामोरे’ या कवितासंग्रहाला १९४८ साली व्हियारेज्जो पुरस्कार मिळाला. १९५२ साली त्यांनी सोव्हिएत संघाचा प्रवास केला.

प्रदीर्घ आजारानंतर १९६० साली रोममध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची हस्तलिखिते, दैनंदिनी आणि विपुल पत्रव्यवहार रोममधील ग्राम्शी संस्थेत जतन करण्यात आला आहे.

पुनर्मूल्यांकन

मृत्यूच्या वेळी आलेरामो यांची ओळख साहित्यिकांपेक्षा त्यांच्या प्रेमप्रकरणांसाठीच अधिक उरली होती. १९७०च्या दशकात ही स्थिती बदलली. १९७३ साली फेल्त्रिनेल्ली या प्रकाशनसंस्थेने ‘उना दोन्ना’ पुन्हा प्रकाशित केली आणि नव्या स्त्री चळवळीतील तरुणींनी ती उचलून धरली. १९७७ साली इटालियन दूरचित्रवाणीने तिच्यावर आधारित मालिका सादर केली. १९७८ आणि १९७९ साली त्यांच्या दैनंदिनी प्रसिद्ध झाल्या. सुरुवातीच्या स्त्रीवादी लेखांचा संग्रहही याच सुमारास आला.

कादंबरीच्या या दुसऱ्या आयुष्याला तत्कालीन घडामोडींची पार्श्वभूमी होती. विवाहितेवरील पतीच्या संमतीचे बंधन १९१९ सालीच रद्द झाले होते. पत्नीच्या व्यभिचाराला शिक्षा देणारे कलम घटनात्मक न्यायालयाने १९६८ साली रद्द ठरवले. १९७० साली घटस्फोटाचा कायदा झाला आणि १९७४च्या सार्वमतात तो टिकला. १९७५च्या कुटुंब कायद्यातील सुधारणेने अपत्यांवरील अधिकार आई आणि वडील या दोघांना समान दिला. बलात्काऱ्याने पीडितेशी विवाह केल्यास शिक्षा माफ करणारी तरतूद १९८१ साली हटवण्यात आली. ज्या नियमांनी रीना फाच्चो यांना प्रथम त्या विवाहात ढकलले आणि नंतर मुलापासून तोडले, ते पूर्णपणे बदलायला कादंबरीनंतर पाऊण शतक लागले.

प्रमुख साहित्य

उना दोन्ना (कादंबरी, १९०६)
इल पास्साज्जो (आत्मचरित्रात्मक गद्य, १९१९)
एन्दिमियोने (नाटक, १९२३)
आमो दुंक्वे सोनो (पत्रात्मक कादंबरी, १९२७)
इल फ्रुस्तीनो (कादंबरी, १९३२)
सी आल्ला तेर्रा (कविता, १९३४)
सेल्वा दामोरे (कविता, १९४७)
रुस्सिया आल्तो पाएझे (प्रवासलेखन, १९५३)
लूची देल्ला मिया सेरा (कविता, १९५६)
दियारियो दी उना दोन्ना (दैनंदिनी १९४५–१९६०, मरणोत्तर प्रकाशन १९७८)
उन आमोरे इन्सोलितो (दैनंदिनी १९४०–१९४४, मरणोत्तर प्रकाशन १९७९)